वयोमानामुळे

शास्त्रपाठ : लूक १३ : १०-१७



आमच्या मंडळीत गृहभेटीची एक वही आहे. जे सभासद सलग तीन रविवार उपासनेला दिसत नाहीत, त्यांची नावं तीत लिहायची, घरी जाऊन भेट घ्यायची, प्रार्थना करायची आणि शेवटच्या रकान्यात न येण्याचं कारण नोंदवायचं. गेली ११ वर्षं ही वही माझ्याकडे आहे. या उन्हाळ्यात जुनी वही भरली म्हणून नवी आणली आणि सहज जुनी पानं चाळली. शेवटच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला: 'वयोमानामुळे'. मोजून पाहिलं. मी तो ४७ वेळा लिहिला होता.

त्यातल्या एका नोंदीबद्दल आज लिहायचं आहे, कारण ती नोंद चुकीची होती.

मास्तर आमच्या मंडळीतले जुने सभासद. मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मी फ्रॉक घालत होते तेव्हा संडे स्कूलमध्ये त्यांनीच माझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. तीसेक वर्षं महिन्यातल्या एका रविवारी जुन्या करारातलं वाचन त्यांचं ठरलेलं असायचं. लाइट गेली, माइक बंद पडला, तरी शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द ऐकू यायचा.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या चालण्यात फरक पडू लागला. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. वाचनाच्या मेजाकडे जायला दोन पायऱ्या आहेत. त्यांच्यापाशी येऊन ते थबकायचे. पाय उचलायचा आहे हे त्यांना कळायचं, पण पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं जागीच राहायचं. प्रभुभोजन घेऊन परत वळताना आपण दोन पावलांत वळतो, त्यांना सात-आठ बारीक पावलं लागायची. मागची रांग खोळंबायची. दोन्ही पायांत अंतर ठेवून, तळवे घासत ते चालायचे. कुणी हात धरायला गेलं तर हसून म्हणायचे, "राहू दे गं, गाडी जुनी झाली."

एका रविवारी वाचताना त्यांनी एक ओळ दोनदा वाचली आणि पुढच्या दोन ओळी सुटल्या. मागच्या बाकावरची तरुण मुलं हसली. वाचकांची यादी मी करते. पुढच्या तीन महिन्यांची यादी केली तेव्हा मी मास्तरांचं नाव घातलं नाही. त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. मनाशी म्हटलं, चारचौघांत त्यांची फजिती नको. खरं तर त्यांच्यासमोर बसून बोलायचं धैर्य मला झालं नव्हतं.

जुलै उजाडला. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चर्चच्या दारातली फरशी शेवाळते. तिथे मास्तर पडले. हाड मोडलं नाही, गुडघा खरचटला एवढंच. त्यानंतर ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले. उपदेश चालू असताना मध्येच उठून जायचे ते परत यायचे नाहीत. ऑगस्टपासून येणंच बंद झालं. वहीत त्यांचं नाव आलं. मी भेटीला जायच्या आधीच शेवटचा रकाना भरला: 'वयोमानामुळे'.

सप्टेंबरात आम्ही भेटीला गेलो. माझ्याबरोबर आमच्या मंडळीतल्या सिस्टर असतात. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकून ३६ वर्षं वॉर्डात काम केलेल्या, आता निवृत्त. मास्तरीणबाईंनी आम्हा दोघींना चहा दिला. मास्तरांच्या हातात कप नव्हता.

"मास्तरांना चहा नाही काय?" सिस्टरांनी विचारलं.

"चारनंतर देत नाही हो," मास्तरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पाणी पण बेतानंच देते."

परसात दोरीवर दोन चादरी आणि एक गोधडी वाळत होती. पावसाचे दिवस, आणि घरात माणसं दोनच. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी कुठलं स्तोत्र वाचावं ते शोधत होते. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आत जाऊन मला तांब्याभर पाणी आणून देता काय?"

मला त्यांचा रागच आला. आजारी माणसाला कामाला काय लावायचं! मास्तर तिसऱ्या खेपेला खुर्चीतून उठले. उंबऱ्याशी जाऊन अडकले. चौकट धरून पाऊल पलीकडे टाकलं. परत येईपर्यंत सिस्टर फक्त त्यांच्या पायांकडे पाहत होत्या. मग त्या मास्तरीणबाईंबरोबर स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आतून हळू आवाजात बोलणं ऐकू येत राहिलं.

फाटकाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "दीड वर्ष झालं, त्यांना लघवी आवरत नाही. लागली की लगेच जायला पाहिजे, आणि पाय तर उचलत नाहीत. रात्री गादी भिजते. म्हणून चर्चला येत नाहीत ते. ती बिचारी कुणाला सांगायला लाजते. आणि हल्ली विचारलेलं उत्तर द्यायला पण त्यांना वेळ लागतो बघ. चाल, लघवी, विसर. तिन्ही एकत्र आलंय. आमच्या वॉर्डात असे पेशंट यायचे. हे नुसतं वय नव्हे. मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

मी वहीत कारण लिहून मोकळी झाले होते. त्या माउलीने दीड वर्षात कितीतरी चादरी धुतल्या होत्या.

प्रियांनो, मास्तरांना झालेल्या आजाराचं नाव आहे नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस, थोडक्यात एनपीएच. न्यूरोसर्जन डॉक्टर कन्नड होते, पण त्यांनी मास्तरांच्या मुलाला आणि मला मराठीत नीट समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण आपल्या प्रत्येक मंडळीत साठीच्या पुढची माणसं आहेत आणि हा आजार बहुतेक त्याच वयात दिसतो.

आपल्या मेंदूच्या आत काही पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव तयार होतो. तो मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. एका वेळी शरीरात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा तो सगळा बदलतो. आपण झोपलेले असतानाही हे काम चालूच असतं. कधी द्रव तयार होणं आणि शोषलं जाणं यांचा मेळ बिघडतो. पोकळ्या हळूहळू फुगतात आणि त्यांच्या कडेने जाणाऱ्या मेंदूच्या तंतूंवर ताण पडतो. पाय चालवणं, लघवी धरून ठेवणं, चटकन विचार करणं ही कामं त्यामुळे मंदावतात. बहुधा चालीचा बिघाड सगळ्यात आधी दिसतो. कुणाला पूर्वी डोक्याला मार लागलेला असतो, मेंदूत रक्तस्राव किंवा मेंदूज्वर झालेला असतो. पुष्कळांच्या बाबतीत मात्र काहीच कारण सापडत नाही.

नावात 'नॉर्मल प्रेशर' का, हे मी डॉक्टरांना विचारलं. पाठीत सुई घालून द्रवाचा दाब मोजला तर तो बहुधा वाढलेला आढळत नाही, म्हणून. याच गोष्टीने पूर्वी डॉक्टरांनाही चकवलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, सालोमोन हाकिम नावाचे न्यूरोसर्जन होते. १९५७ साली त्यांच्याकडे अपघातात डोक्याला मार लागलेला १६ वर्षांचा मुलगा होता. शुद्ध नीट येत नव्हती, मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या, पण दाब नॉर्मल. तपासणीसाठी त्यांनी थोडासा द्रव काढला, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा बोलू लागला. दाब नॉर्मल असला म्हणजे सगळं ठीक असतंच असं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. अमेरिकेतल्या बॉस्टनचे डॉक्टर रेमंड ॲडम्स यांच्यासोबत त्यांनी १९६५ मध्ये हा आजार जगापुढे मांडला. ज्यांना म्हातारचळ लागला असं समजून कोपऱ्यात बसवलं जायचं, त्यांतल्या काहींवर उपाय आहे हे त्यामुळे कळलं.

मास्तरांचा मुलगा पुण्याहून आला. त्याने कपाट उघडून जुने कागद काढले तेव्हा वर्षापूर्वीचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट सापडला. पोकळ्या मोठ्या असल्याचं त्यात लिहिलेलं होतं. त्या वेळी ते वयामुळे असेल असं समजून कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, गोळ्या सुरू झाल्या होत्या. फरक पडला नव्हता. मी कुणाला दोष देत नाही. वयाने मेंदू आकसतो तेव्हाही पोकळ्या मोठ्या दिसतात, आणि कंपवातातही माणूस बारीक पावलं टाकतो. कधी दोन आजार एकाच माणसात असतात. हे वेगळं ओळखणं अवघड आहे. आणि 'वयामुळे' म्हणून प्रश्न मिटवणाऱ्यांत मीही होतेच की.

एमआरआय झाला. मग डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून पाहायचं ठरवलं. हे ऐकताच नातेवाईक घाबरले. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. नंतर डोकं दुखू शकतं. त्रास अगदीच नाही असं नाही. या तपासणीत ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढतात. त्याआधी आणि नंतर रोग्याला चालायला लावून वेळ मोजतात. चाल सुधारली तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची आशा वाढते. सुधारली नाही तरी तेवढ्यावरून दार बंद होत नाही. डॉक्टर आणखी तपासण्या करतात.

मास्तरांच्या मुलाने मोबाइलवर दोन्ही वेळचं चालणं टिपलं. पहिल्या व्हिडिओत ते वॉर्डाच्या दारात अडकलेले दिसतात. दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत ते थांबत थांबत का होईना, पण भिंतीला हात न लावता चालतात, आणि कोपऱ्यावर चार पावलांत वळतात. मास्तरीणबाईंनी तो व्हिडिओ पाचदा बघितला. एक शब्द बोलल्या नाहीत.

तरीही ऑपरेशनचा निर्णय सोपा नव्हता. मेंदूतल्या पोकळीत एक बारीक नळी घालायची, ती कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालूनच पोटात न्यायची. मध्ये एक झडप असते. जास्तीचा द्रव त्या वाटेने पोटात उतरतो आणि तिथे शरीर तो शोषून घेतं. याला शंट म्हणतात. नळीला जंतुसंसर्ग होऊ शकतो, ती तुंबू शकते, द्रव जास्त निघाला तर कवटीच्या आत रक्त साठू शकतं. डॉक्टरांनी हे सगळं स्पष्ट सांगितलं. हेही सांगितलं की चाल सुधारण्याची आशा सगळ्यात जास्त, लघवीची त्याखालोखाल, आणि स्मरणशक्तीची सगळ्यात कमी.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. एक वडीलधारे गृहस्थ मास्तरांच्या घरी जाऊन म्हणाले, "आता या वयात डोक्याला कशाला हात लावायचा? विश्वासाने प्रार्थना करा, प्रभू उठवील." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मास्तरांनी रात्रभर विचार केला, की आपला विश्वासच कमी पडतोय काय. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब गेले. त्यांनी मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली, चौघांनी बाजेवर आणलेल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट काढली. "मास्तर, तुम्हीच ही गोष्ट पोरांना शिकवलीय," ते म्हणाले. "त्या चौघांचा विश्वास होता म्हणूनच तर ते घरी बसले नाहीत. त्यांनी माणूस उचलला, वाट नव्हती तर छप्पर उघडलं. आम्ही तुम्हाला दवाखान्यात नेतो आणि प्रार्थनाही करतो. दोन्ही एकच काम आहे."

मास्तर म्हणाले, "मग उचला बाजेला."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मंडळीने खर्चाला हातभार लावला. तो नाताळ मास्तरांनी अंथरुणावरच काढला. सुधारणा एका रात्रीत झाली नाही. आधी वळणं सोपं झालं, मग उंबरा ओलांडणं. जानेवारीअखेर रात्रीच्या चादरी कमी झाल्या; दिवसा अजूनही घाई होते, पण आता पाय पोहोचवतात. मध्यंतरी डोकं दुखू लागलं म्हणून दाखवायला नेलं, तर डॉक्टरांनी झडपेचा वेग बाहेरूनच, चुंबकाच्या यंत्राने बदलला. एमआरआय काढायचा झाला तर शंट आहे हे आधी सांगायचं, कारण त्या यंत्राच्या चुंबकाने काही झडपांची मांडणी बदलू शकते, हे मास्तरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवलं आहे.

झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत मास्तर होते. फाटकापासून दारापर्यंत, हातात झावळी घेऊन, मुलांच्या मागोमाग. फार तर साठ पावलं असतील.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मी न विचारता त्यांचं नाव वाचकांच्या यादीतून काढलं होतं, हे त्यांना सांगितलं आणि क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझा आवाज बसला म्हणून काढलं असेल." मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "चार महिने दर शनिवारी रात्री उद्याचा पाठ मोठ्यानं वाचून ठेवायचे. अचानक कुणी बोलावलं तर तयारी असावी म्हणून."

प्रियांनो, त्यानंतर मी लूकाच्या १३व्या अध्यायाकडे पुन्हा गेले. पौलाने कलस्सैकरांच्या पत्रात लूकाला वैद्य म्हटलं आहे. वैद्याची नजर त्याच्या लिहिण्यात दिसते. शब्बाथ दिवशी सभास्थानात एक बाई होती. १८ वर्षं वाकलेली, तिला सरळ होताच येत नव्हतं. वर्षं किती झाली आणि शरीराला नेमकं काय जमत नाही, हे दोन्ही त्याने नोंदवलं आहे.

हा भाग मी लहानपणापासून ऐकला आहे, पण एक गोष्ट मला कधी दिसली नव्हती. त्या बाईने काहीच मागितलं नाही. ती ओरडली नाही, वस्त्राला शिवली नाही, तिला कुणी उचलून आणलं नाही. प्रभूने तिला पाहिलं आणि जवळ बोलावलं. अठरा वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. लोकांना तिच्या वाकलेपणाची सवय झाली असावी. तशी वही तिथे असती तर तिच्या नावापुढेही कुणीतरी 'वयोमानामुळे' लिहिलं असतं.

आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याला राग आला तेव्हा प्रभूने काय विचारलं? शब्बाथ असला तरी तुम्ही आपला बैल, आपलं गाढव दाव्याचं सोडून पाणी पाजायला नेता ना? मग अब्राहामाच्या या मुलीला बंधनातून सोडवू नये काय? हे वाचताना मला मास्तरांचा रिकामा हात आठवला. त्यांना सोडवणं राहिलं बाजूला, आमच्या देखत त्यांचं पाणीच तोडलं गेलं होतं. इथे एक सांगून ठेवते. हा आजार जास्त पाणी प्यायल्याने होत नाही, आणि पाणी कमी करून बरा होत नाही. पाणी तोडलं तर म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ होतो, चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि विसरभोळेपणा वाढतोच.

इथे थांबले तर गोष्ट फार गोड होईल. म्हणून आमच्याच मंडळीतल्या एका अक्कांचंही सांगते. मास्तर चालू लागल्यावर आम्हाला हुरूप आला. अक्काही पाय घासत चालायच्या, नातवंडांची नावं विसरायच्या. त्यांच्या मुलीला आम्ही मोठ्या आशेने डॉक्टरांकडे पाठवलं. सगळ्या तपासण्या झाल्या. तो एनपीएच नव्हता. अल्झायमरचा आजार होता, आणि शंटने काही उपयोग होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन मुलगी रडली. "तुम्ही उगीच आशा लावलीत," असं मला म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही नाही.

पण आम्ही जाणं थांबवलं नाही. दर बुधवारी दोघीजणी अक्कांकडे जाऊन बसतात, तेवढ्या वेळात मुलगी बाजार करून येते. अक्का आम्हाला ओळखत नाहीत, पण 'उपासना संगीत' उघडून गायला लागलं की ओठ हलवतात. त्यांच्या रकान्यात आता 'वयोमानामुळे' नाही. आजाराचं नाव आहे, आणि पुढे लिहिलं आहे: 'बुधवारी ११ ते १'. पाहणं म्हणजे बरं करणंच असं नाही. पण काय आहे ते नीट कळलं, तर काय करता येईल हेही कळतं.

आता घरच्यांसाठी थोडं. तुमच्या घरातला वडीलधारा माणूस अलीकडे पाय घासत चालत असेल, पाऊल जागचं उचलत नसेल, वळताना पुष्कळ पावलं घेत असेल, पुन्हा पुन्हा पडत असेल, तर ते वय म्हणून सोडू नका. त्याच्या जोडीला लघवी आवरत नसेल आणि विचार करणं, उत्तर देणं मंद झालं असेल, तर मेंदूविकारांच्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. चालण्याचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात माणूस घाबरून वेगळंच चालतो. जुने स्कॅन, रिपोर्ट, चालू गोळ्या सगळं बरोबर ठेवा. एनपीएचच निघेल असं नाही. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबलेला असतो, बी-१२ कमी असतं, थायरॉइड बिघडलेला असतो, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो, एखाद्या गोळीने झोप येत असते. यांतल्या कितीतरी गोष्टींवर उपाय आहेत. फार दिवस काढू नका. शंटचा उपयोग व्हायचा असेल तर तो लवकर केलेला बरा.

लघवीचं कसं विचारायचं, असं भेटीला जाणाऱ्या बहिणी मला विचारतात. सिस्टर सरळ विचारतात, पण सगळ्यांसमोर नाही: "रात्री किती वेळा उठता? पोहोचेपर्यंत आवरतं काय?" बहुतेक माणसं सुटल्यासारखा श्वास घेतात आणि सांगतात. कुणीतरी विचारावं याची ती वाट बघत असतात.

आणि मंडळीसाठी एक. आपल्या चर्चचं स्वच्छतागृह कुठे आहे, एकदा पाहून या. आमचं मागच्या आवारात होतं, तीन पायऱ्या उतरून, बसायला भारतीय पद्धतीचं. गेल्या वर्षी आम्ही दाराजवळ कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडी लावली. त्यानंतर वहीतली चार नावं पुन्हा बाकांवर दिसू लागली. त्यांतल्या तिघांपुढे मी 'वयोमानामुळे' लिहिलं होतं.

मास्तर आता वाचन करत नाहीत. मी यादीत नाव घालू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनीच नको म्हटलं. "अक्षर दिसतं, पण ओळ सुटते," ते म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पाय आले, पण विसर पूर्ण गेला नाही. त्यांनी स्वतःच एक काम मागून घेतलं. रविवारी ते अर्धा तास आधी येतात आणि दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात 'उपासना संगीत' देतात. नावं चुकतात. मला परवा माझ्या आईच्या नावाने हाक मारली. मी पुस्तक घेतलं आणि आत गेले.

नव्या वहीत मी शेवटचा रकाना ठेवला आहे, पण भेट झाल्याशिवाय तो भरत नाही.

प्रार्थना : हे प्रभू येशू, त्या वाकलेल्या बाईने हाक मारली नाही तरी तू तिला पाहिलंस. आमच्या घरांत आणि बाकांवर जे न बोलता सोसत आहेत, त्यांना पाहणारे डोळे आम्हाला दे. विचारण्याचं धैर्य दे, ऐकण्याची सवड दे. डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या हातांना तुझा आशीर्वाद असो. जे बरे होतात त्यांच्याबरोबर आम्ही आनंद करावा, जे बरे होत नाहीत त्यांच्याजवळ आम्ही बसून राहावं. घाईने लिहिलेल्या आमच्या शब्दांची आम्हाला क्षमा कर. आमेन.